साहेबाची बदली, मजुराची वणवण

दौंड तालुक्यातील कुरकुंभ हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. पूर्वी परगावचा माणूस येथे उतरत असे तो फिरंगाई देवीच्या दर्शनासाठी. देवीच्या नावातील फिरंग म्हणजे तलवार की गोरा टोपीवाला, याचा निवाडा पंडितांनी करावा. आज परगावचा माणूस येथे उतरतो तो औद्योगिक विकास महामंडळाच्या रासायनिक वसाहतीत कामासाठी. औषधांचे मूळ घटक आणि नाना प्रकारची रसायने येथे तयार होतात व त्यांतील बराच माल सातासमुद्रापार जातो. गावात मागे राहतो तो उग्र दर्प आणि विहिरींच्या पाण्याविषयीची कुरकुंभ-पांढरेवाडीकरांची जुनी तक्रार. २०१९ साली स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या रात्री येथील एका कारखान्यात आग लागून स्फोट झाले, तेव्हा आसपासची माणसे मुलाबाळांना काखेत मारून अंधारात घराबाहेर पळाली होती. त्या मुलांपैकी बहुतेक दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला ज्या शाळेत जाणार होती, ती जिल्हा परिषदेची शाळा होती.

या वसाहतीने दोन प्रकारच्या माणसांना आपापले घर सोडायला लावले आहे. पहिला प्रकार बदलीवर हिंडणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा. त्याचे आज पुणे, उद्या बडोदे, परवा सिंगापूर किंवा फ्रँकफर्ट. तो कुरकुंभला काम करतो, पण बिऱ्हाड ठेवतो पुण्यात. कारण पुण्यात त्याच्या मुलांसाठी शाळा असते. दुसरा प्रकार कंत्राटदाराने आणलेल्या मजुराचा. तो बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा किंवा मराठवाड्यातून येतो, पत्र्याच्या खोलीत चौघापाचांनी राहतो, आणि बायकामुले बरोबर आणली तर ती त्याच पत्र्याखाली राहतात. कंत्राट संपले की खोली सुटते आणि मुलाची शाळाही सुटते. दोघेही परगावचे, दोघेही कामासाठी हिंडणारे. दोघांच्याही मुलांपुढे प्रश्न एकच आहे : बाप जागा बदलतो तेव्हा मुलाच्या शिक्षणाचा धागा तुटू नये यासाठी काय करावे? या एका प्रश्नाला आपल्या समाजाने दोन उत्तरे दिली आहेत. त्यांतील पहिल्या उत्तराचे नाव आहे इंटरनॅशनल स्कूल.

हे उत्तर कसे घडले याचा इतिहास पाहण्यासारखा आहे. केंब्रिज विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी स्थानिक परीक्षा सुरू केल्या त्या १८५८ साली, म्हणजे ज्या वर्षी हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून राणीकडे गेला त्याच वर्षी. काही वर्षांतच या परीक्षा समुद्र ओलांडून त्रिनिदादला पोचल्या आणि पुढे साम्राज्याचा युनियन जॅक जेथे जेथे फडकला तेथे तेथे गेल्या. मळेवाल्यांची, पलटणीतील अधिकाऱ्यांची, आगगाडीच्या साहेबांची मुले जगाच्या पाठीवर कोठेही वाढोत, त्यांच्या हाती पडणारा दाखला विलायतेत चालला पाहिजे, ही त्यामागची सोय होती. ब्रिटनने जुनी ओ लेव्हल परीक्षा मोडीत काढून १९८८ साली जीसीएसई आणली, त्याच सुमारास परदेशातील शाळांसाठी केंब्रिजने आयजीसीएसई ही परीक्षा सुरू केली. पुण्या-मुंबईच्या इंग्रजी पाट्यांवर आज 'केंब्रिज' म्हणून जे मिरवले जाते ते हेच. पेपर तेथे काढले जातात आणि विषयागणिक परीक्षा शुल्कही तेथेच जाते.

या अभ्यासक्रमाची सारी रचना स्थलांतर करणाऱ्या मुलाला डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे, आणि यात निंदा करण्यासारखे काही नाही. आई-बापाच्या नोकरीपायी चार देशांत वाढणाऱ्या पोराने दरवेळी नवी लिपी, नवा इतिहास आणि नवी परीक्षा यांच्याशी झुंजत राहावे, असे कोणी म्हणणार नाही. पुण्यात मर्सिडीज-बेंझ मोटारींची बांधणी १९९५ च्या सुमारास सुरू झाली आणि १९९८ साली, अवघ्या तीन वर्षांत, मर्सिडीज-बेंझ इंटरनॅशनल स्कूल उभे राहिले. तेथील अभ्यासक्रम ब्रिटिश नव्हता, जिनिव्हाच्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा होता. पण हेतू तोच. परदेशातून येणारा अभियंता मुलांची शाळा विचारल्याशिवाय येत नाही, हे कंपनीला माहीत होते. भांडवलाला जो माणूस हवा असतो त्याच्या मुलांची शाळा किती लवकर उभी राहते, हे यावरून ध्यानात यावे.

आता दुसरे उत्तर. कुरकुंभच्या शेजारीच पाटसचा भीमा साखर कारखाना आहे आणि दौंड तालुका उसाचा आहे. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगरकडील टोळ्या उचल घेऊन, बैलगाड्या नाही तर ट्रॅक्टर भरून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परत जातात. जोडप्याला मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात. माणसाच्या जोडीला हत्याराच्या नावाने मोजणारी ही वही कोणत्या अभ्यासक्रमात शिकवली जाते, हे विचारण्यासारखे आहे. कोयत्याबरोबर आलेले मूल शाळेचे अर्धे वर्ष गमावते. राज्यात सहकारी साखर कारखान्यांनी पहिली मोळी टाकल्यावर या मुलांसाठी साखरशाळा निघायला कित्येक दशके जावी लागली. त्या निघाल्या, गावाकडे हंगामी वसतिगृहेही निघाली; पण कधी अनुदान थकले, कधी संस्था निघून गेली, कधी कारखान्याने हात वर केले, आणि कोप्यांतील थोरली पोर धाकट्याला कडेवर घेऊन फडातच राहिली. साहेबाच्या मुलासाठी तीन वर्षांत जे झाले ते मजुराच्या मुलासाठी तीन पिढ्यांत धडपणे झाले नाही.

कायदा नाही असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे चौथे कलम सांगते, की शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत बसवावे आणि मागे पडलेले भरून काढण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण द्यावे. पाचवे कलम सांगते, की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. म्हणजे हिंडणाऱ्या मुलाचा शिक्षणाचा धागा जोडून ठेवण्याचे कर्तव्य संसदेने सरकारवर टाकलेले आहे. मात्र त्यासाठी वर्गावर शिक्षक लागतो, भोजपुरी वा ओडिया बोलणाऱ्या पोराला मराठीत आणण्याची तयारी लागते, आणि एका जिल्ह्यातील मुलाची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वेळेवर पोचवणारी यंत्रणा लागते. केंब्रिजचा विद्यार्थी दुबईहून पुण्यास आला तर त्याचे पुस्तक त्याच पानावर उघडते. पाथर्डीचा विद्यार्थी पाटसला आला तर त्याला पुस्तक मिळेपर्यंत बहुधा ऊस संपतो.

येथपर्यंत प्रश्न उणिवेचा वाटेल : एकाला मिळाले, दुसऱ्याला मिळायचे राहिले. प्रकरण तेवढे साधे नाही. पहिल्याला जे मिळते त्याची किंमत दुसरा भरतो, आणि ती कशी भरतो हे कंपनीच्या जमाखर्चात पाहता येते. परदेशातून आणलेल्या वरिष्ठाच्या मुलांची फी बहुधा त्याच्या पगाराच्या कराराचाच भाग असते. ती काही लाखांत असते, कंत्राटी कामगाराच्या वर्षाच्या मजुरीहून अधिक. कंपनीच्या वहीत ती धंद्याचा खर्च म्हणून मांडली जाते, म्हणजे तेवढा करपात्र नफा कमी होतो. गावाच्या शाळेला मिळते ते २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखालील सामाजिक दायित्वातून, सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्क्यांतून, तेही कंपनी कायद्यात ठरवलेल्या आकाराची असेल तर. त्या २ टक्क्यांत रुग्णालय, वृक्षारोपण, स्वच्छतागृह असे अनेक वाटेकरी असतात. शाळेच्या वाट्याला पाणी शुद्ध करण्याचे यंत्र येते आणि त्या यंत्रावर कंपनीचे नाव येते. पाणी शुद्ध करण्याची पाळी कोणामुळे आली, हे मात्र त्यावर लिहिलेले नसते. साहेबाच्या मुलाची शाळा ही उत्पादनाची गरज ठरते आणि मजुराच्या मुलाची शाळा ही कृपा ठरते. मजुराच्या श्रमावाचून उत्पादन कसे होते, हे कोणी अर्थशास्त्रज्ञाने समजावून सांगावे.

शिक्षणाच्या खर्चाचा हा हिशेब महाराष्ट्रात नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले त्यात हाच मुद्दा होता : सरकारी महसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो, वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल हा समज खोटा ठरला आहे. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी सक्तीचा कायदा आला. पण झिरपण्याचा सिद्धान्त मेलेला नाही. त्याने फक्त पोशाख बदलला आहे. आंतरराष्ट्रीय शाळा निघाल्या, की स्पर्धेने सर्वच शाळा सुधारतील, असे आता सांगितले जाते. पुण्याच्या पश्चिमेस अशा शाळा एकामागून एक निघत गेल्या. त्यांतील कोणत्या स्पर्धेने दौंडच्या एखाद्या वस्तीशाळेस एक शिक्षक मिळवून दिला?

या शाळांचे खरे गिऱ्हाईक आता बदलीवरचे परदेशी कुटुंब राहिलेलेच नाही. परदेशी मुलांसाठी म्हणून घातलेल्या मांडवात देशी धनिकांची गर्दी झाली आहे. बिल्डर, डॉक्टर, संगणक कंपनीतील वरिष्ठ, साखरसम्राट, आणि मराठी अस्मितेवर सभा गाजवणारे पुढारी यांची मुले तेथे आहेत. ही मुले कोठे बदलून जाणार नसतात. त्यांना येथून निघून जायचे असते. शाळेचा दाखला हा पारपत्राचा पहिला कागद म्हणून विकत घेतला जातो. २०२० साली विधिमंडळाने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, त्या कायद्यातून पळवाट शोधण्यासाठी कोणत्या शाळांनी किती आटापिटा केला हे सर्वश्रुत आहे. भाषेची थोडीशी सक्ती एवढी जाचते, याचे कारण भाषा ही राहणाऱ्याची गरज आहे. जो मुलगा मनाने विमानतळावर बसलेला आहे त्याला गावच्या भाषेचे ओझे सामानात नको असते.

समाजवादी चळवळीनेही या बाबतीत फार छाती काढून बोलू नये. समान शाळेचे ठराव ज्यांनी अधिवेशनांतून मांडले त्यांतील कित्येकांच्या नातवंडांची नावे कोणत्या शाळांच्या हजेरीपटावर आहेत, हे तालुक्यातील कार्यकर्त्याला पक्के ठाऊक असते. तो सौजन्याने गप्प बसतो, इतकेच.

स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या या देशाने या प्रश्नाकडे अधिक सरळ नजरेने पाहिले होते. दौंड हे रेल्वेचे मोठे ठाणे. तेथल्यासारख्या अनेक रेल्वे वसाहतींत अँग्लो-इंडियन कुटुंबे होती, आणि युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांच्या शाळांसाठी इंग्रज सरकारचे वेगळे नियम व वेगळे अनुदान होते. घटनाकारांनी हे अनुदान एका झटक्यात तोडले नाही. ३३७ व्या अनुच्छेदाने ते दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवले, आणि तेवढ्या काळासाठीही अट घातली : वर्षाच्या प्रवेशांपैकी निदान ४० टक्के जागा इतर समाजांच्या मुलांना खुल्या केल्या तरच अनुदान मिळेल. केंब्रिजच्या परीक्षेऐवजी भारतीय परीक्षा असावी, या विचारालाही मौलाना आझाद शिक्षणमंत्री असतानाच चालना मिळाली आणि त्यातून १९५८ साली भारतीय शालान्त प्रमाणपत्र परीक्षांची परिषद स्थापन झाली. तीही इंग्रजी माध्यमाची, तीही वरच्या वर्गाची, हे खरे आहे. पण पेपर कोणी काढायचा आणि दाराशी कोणाला उभे करायचे, हे या देशाचे लोक ठरवतील, एवढे तरी त्यात होते.

१९५० सालच्या त्या ४० टक्क्यांशेजारी आजचे २५ टक्के ठेवून पाहावेत. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल घटकांच्या मुलांसाठी राखल्या. अल्पसंख्याक संस्थांना २०१४ च्या निकालाने यातून सूट मिळाली आणि त्या दर्जासाठी धावपळ सुरू झाली. मुलांच्या फीची भरपाई सरकारने शाळांना द्यायची, ती वर्षानुवर्षे थकवली गेली. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी तर महाराष्ट्र सरकारने अधिसूचनाच काढली, की सरकारी वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला या जागा भराव्या लागणार नाहीत. शहरात एक किलोमीटरच्या आत सरकारी शाळा नाही अशी जागा शोधून दाखवावी! १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली आणि पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही सरकारच्या बाजूने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. न्यायालय आडवे आले म्हणून दार उघडे राहिले. सरकारने ते लावून घेतलेच होते.

ज्या राजवटीत हे घडते तिची दिशा २०१७ च्या डिसेंबर महिन्यातच स्पष्ट झाली होती. त्या महिन्यात दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ सरकारी शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत हलवण्याचा निर्णय जाहीर झाला, आणि त्याच महिन्यात स्वयंअर्थसाहाय्यित शाळांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन कंपन्यांना शाळा काढण्याची मुभा मिळाली. पुढे २०२३ साली वीसहून कमी पटाच्या १४,७८३ शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचा घाट घातला गेला. त्या शाळांत १ लाख ८५ हजारांहून अधिक मुले शिकत होती. पट कमी म्हणून शाळा बंद करायची असेल, तर एका वर्गात वीसच मुले घेतो अशी जाहिरात करणाऱ्या इंटरनॅशनल स्कूलला प्रथम टाळे ठोकले पाहिजे. गरिबाच्या शाळेत वीस मुले हा सरकारला तोटा वाटतो आणि श्रीमंताच्या शाळेत वीस मुले हा शिक्षणाचा दर्जा ठरतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही टाळण्यासारखे नाहीत. पहिला असा, की या शाळांत शिकवतात ते चांगले असते. मूल प्रश्न विचारते, प्रयोग स्वतः करते, घोकंपट्टी कमी असते. मग द्वेष कशाचा? हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण त्यात ब्रिटिश असे काय आहे? लहान वर्ग, प्रशिक्षित शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि खेळायला जागा ही सर्व पैशाने येणारी गोष्ट आहे. खुद्द ब्रिटनमध्ये सुमारे ९३ टक्के मुले सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत जातात. ज्या आयजीसीएसईचा येथे एवढा डंका आहे ती इंग्लंडच्या सरकारी शाळांच्या गुणपत्रकात आता धरलीही जात नाही. ती तेथे मुख्यतः खाजगी शाळांची परीक्षा होऊन बसली आहे. आणि १ जानेवारी २०२५ पासून मजूर पक्षाच्या सरकारने खाजगी शाळांच्या फीवर २० टक्के मूल्यवर्धित कर लावला, त्या पैशातून सरकारी शाळांना शिक्षक देऊ असे सांगून. ब्रिटनचेच अनुकरण करायचे असेल तर या गोष्टीचे करावे. तेवढी मात्र कोणी आयात करीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. चांगले असेल तर ते गरिबालाही द्या, असे तो म्हणतो. मुंबई महापालिकेने २०२२ साली माटुंग्याच्या आपल्या शाळेत केंब्रिजचा अभ्यासक्रम सुरू केला. तेथे पोर घालण्यासाठी झोपडपट्टीतल्या आईने रांग लावली तर तिला कोणत्या तोंडाने दोष द्यावा? दोष तिचा नाहीच. पण जागा मोजक्या आणि अर्ज फार, म्हणून प्रवेश सोडतीने होतात. चिठ्ठी निघेल त्याचे नशीब उघडते, उरलेल्यांसाठी तीच पूर्वीची महापालिका शाळा. हजारांत एकाला लागणारी लॉटरी म्हणजे समता, असे कोणत्याही समाजवादी पाठ्यपुस्तकात लिहिलेले नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळा आणि शेजारशाळा यांचा पुरस्कार केला आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करण्यास सांगितले. तो ६ टक्क्यांचा आकडा २०२० च्या शैक्षणिक धोरणातही आहे, जसाच्या तसा, कोऱ्या धनादेशासारखा.

खरे तर 'आंतरराष्ट्रीय' या शब्दाला घाबरण्याचे या परिसराला काहीच कारण नाही. कुरकुंभहून फार दूर नाही अशा, दौंड तालुक्यातल्याच केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन आहे. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, चेल्टनहॅमच्या मुलींच्या नामांकित महाविद्यालयात शिकल्या आणि तेथे त्यांनी संस्कृत शिकवले. पुढे अमेरिकेत गेल्या, तेथील बालवाडीची आणि धंदेशिक्षणाची पद्धत त्यांनी बारकाईने पाहिली. त्यांच्याइतकी जगाची शाळा पाहिलेली व्यक्ती त्या काळच्या महाराष्ट्रात विरळा. त्यांच्या धर्मांतराविषयी ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे. ही विद्या घेऊन त्या केडगावच्या माळावर आल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात देशोधडीला लागलेल्या मुली त्यांनी तेथे आणल्या. त्याही परमुलखातून आलेल्या, आजच्या कोयत्याबरोबर येणाऱ्या पोरींसारख्याच. त्या मुलींना अक्षरओळख मिळाली, शेती, विणकाम मिळाले, आणि छापखान्यात खिळे जुळवून मजकूर छापणारे हात मिळाले. परदेशातून आणलेले ज्ञान जिला कोणी नाही अशा मुलीच्या हातात ठेवायचे असते, हा धडा या तालुक्यात सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवला गेला आहे.

आणि हा धडा संपलेलाही नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात शिक्रापूरजवळ वाबळेवाडी आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेला ग्रामस्थांनी जमीन दिली, इमारतीला हातभार लावला, शिक्षकांनी जीव ओतला, आणि शहरातले पालक त्या वाडीत प्रवेशासाठी खेटे घालू लागले. २०१८ साली राज्य सरकारने महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढून पहिल्या १३ शाळांत वाबळेवाडीला घेतले. २०२० साली सरकार बदलले होते. ते मंडळच मोडीत निघाले. पुढे वाद झाले, चौकश्या झाल्या. ही सारी वर्षे मंत्रालयात पाट्या रंगत आणि पुसल्या जात असताना शाळा उभी राहिली ती गावाच्या जमिनीवर. वाबळेवाडी घडविणारे गुरुजी पुढे खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या लहानशा जिल्हा परिषद शाळेत गेले. एका मुलाने दुसऱ्याला विषय शिकवायचा, अशी पद्धत तेथे रुजली, आणि २०२५ साली लंडनस्थित संस्थेच्या जागतिक स्पर्धेत त्या शाळेने लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. म्हणजे विलायतेने वाखाणलेली शाळा जिल्हा परिषदेची निघाली, मराठी बोलणाऱ्या मुलांची निघाली. मात्र अशा शाळांची नावे वर्तमानपत्रांतून बोटांवर मोजली जातात आणि मोजणारा ती मोजून थांबतो, हे सरकारला फार सोयीचे आहे. एक गुरुजी झटला म्हणून एक शाळा उभी राहते. नियम, पैसा आणि शिक्षकभरती यांनी ती हजार ठिकाणी उभी राहायची असते. गुरुजींच्या सत्काराला मंत्री येतात आणि शिक्षकभरतीचा प्रश्न विचारला की त्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई होते.

कुरकुंभमध्ये काय करता येईल, हे यातून पुरेसे उघड आहे आणि त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे, २२ व्या कलमाने तिला शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकार दिला आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांत कंत्राटी कामगाराचा एकही पालक नसेल तर तो का नाही, हे कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत उठून विचारावे. मजुरांच्या खोल्यांतून आणि पाटसच्या फडांतून फिरून शाळेत न जाणाऱ्या मुलांची नावनिशीवार यादी करावी. ती गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात पोच घेऊन द्यावी, आणि चौथ्या कलमाखालचे विशेष प्रशिक्षण केव्हा सुरू होणार याचे लेखी उत्तर मागावे. वसाहतीतील ज्या कंपन्यांना दायित्वाचा कायदा लागू आहे त्यांचे वार्षिक अहवाल सार्वजनिक असतात. त्यांतील शिक्षणाच्या नावाखालचा आकडा कुरकुंभ, पांढरेवाडीत किती उतरला आणि पुण्यात किती राहिला, याचा फलक चावडीवर लावावा. कारखान्याने जमीन या गावाची घेतली, हवा आणि पाणी या गावाचे बिघडवले. मग शाळा दुसऱ्या गावची का, हे विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

कामगार संघटनांनीही आपल्या मागणीपत्रकात बोनस, ओव्हरटाइम आणि सुरक्षा यांच्या खाली आजवर मोकळी राहिलेली एक ओळ भरावी : वरिष्ठाच्या एका मुलाच्या फीवर कंपनी वर्षाला जेवढा खर्च करते तेवढा कंत्राटी कामगारांच्या मुलांच्या शाळेवरही करावा. व्यवस्थापन हसेल. ते हसले, की त्या खर्चाचा आकडा किती, तो सांगा, असे म्हणावे. पुढच्या गळीत हंगामाला टोळ्या येण्यापूर्वी यादी तयार असली पाहिजे. दिवाळीनंतर करायला घेतली तर तोपर्यंत निम्मी मुले उसात गेलेली असतील.